बसून काम करणार की उभं राहून?

शेगडा घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी सगळ्यात आधी एकच प्रश्न विचारत असे, "बसून काम करणार की उभं राहून?" गिऱ्हाईक बावचळून जाई. हा आता जबड्याची रुंदी विचारील, विलायती हवा की देशी म्हणेल, अशी त्याची अपेक्षा असायची. एक तरुण तर चिडून म्हणाला होता, "अहो, शेगडा बघायला आलोय, मुलगी न्हाई!" तरी मी तो प्रश्न सोडला नाही. शाहूपुरीतल्या त्या हार्डवेअरच्या दुकानात नोकरीची उमर काढली आणि तेवढ्या काळात गिऱ्हाइकाला विचारण्यासारखा दुसरा कुठला प्रश्न इतका खात्रीचा मला सापडला नाही. तो मला कसा मिळाला, ते सांगतो.

ज्यांचा सुतारकामाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडं आधी. शेगडा म्हणजे व्हाइस. दोन लोखंडी जबडे, मध्ये एक जाड स्क्रू आणि तो फिरवायला आडवी दांडी. दांडी फिरवली की जबडे जवळ येतात आणि मधलं लाकूड आवळून धरतात. लाकूड हललं नाही तर करवत सरळ चालते, रंधा सरळ जातो. सुताराला दोन हात असतात आणि दोन्ही हत्याराला लागतात. लाकूड धरायला तिसरा हात म्हणजे शेगडा.

मी मूळचा कोडोलीचा. आमच्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकसुद्धा झालं नव्हतं. गावच्या मास्तरांनी माझ्या वडिलांना बांधावर गाठून माझ्यासाठी भांडण केलं, म्हणून मी कोल्हापुरात आलो आणि बी.ए. झालो. मास्तरांचे उपकार मी आजही विसरलेलो नाही. पोरगा आता मामलेदार होणार, असं गावानं ठरवूनच टाकलं होतं. मी झालो हार्डवेअरच्या दुकानात विक्रेता. वडिलांनी मात्र कधी नाक मुरडलं नाही. कुणी विचारलं की ते सांगायचे, "शाहूपुरीत लोखंडाच्या हापिसात हाय."

दुकानाचे मालक आप्पाण्णा निपाणीकडचे. मला ते 'तम्मा' म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. विलायती मालाची क्याटलागं इंग्रजीत येत, ती वाचायला त्यांना माणूस हवा होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते अभिमानानं माझ्याकडे बोट दाखवून सांगत, "आमचा तम्मा बी.ए. हाय. खिळं मोजत न्हाई, खिळ्यांची माहिती वाचतो." खिळे मला मोजावे लागतच, पण ते आप्पाण्णा सांगत नसत.

शेगड्याच्या निवडीबाबत कोल्हापुरी माणसाचा एक ठाम समज होता. जो जड, तो चांगला. गिऱ्हाईक आलं की आधी शेगडा उचलून बघायचं. तालमीतला दगड उचलावा तसा छातीपर्यंत, कुणी कुणी खांद्यापर्यंत. गंगावेशीकडच्या एका पैलवानानं डाव्या हातानं एक आणि उजव्या हातानं एक असे दोन शेगडे उचलले, चार पावलं फिरवले, खाली ठेवले, "वजन झकास हाय" म्हणाला आणि काहीच न घेता निघून गेला. आप्पाण्णा नंतर आठवडाभर त्याची वाट बघत होते. त्यांना वाटत होतं तो घरच्यांना विचारायला गेलाय.

मी आपला समजावत राही. वजनात काही नाही, बाबा. दांडी फिरवून बघ, स्क्रू अडखळतो का. जबडे मिटून मध्ये कागदाचा कपटा धर. एका टोकाला धरला आणि दुसऱ्या टोकाला सुटला, तर जबडे वाकडे आहेत. बोटाच्या पेरानं टिचकी मार. घंटेसारखं वाजलं तर बीड, म्हणजे ओतीव लोखंड, धड आहे, मडक्यासारखं वाजलं तर आत चीर असेल. आणि सगळ्यात मुख्य म्हणजे फिटरचा शेगडा सुतारानं घ्यायचा नाही. त्याच्या जबड्यांना दाते असतात, लोखंड धरायला ते बरे, पण लाकडाला ते चावतात. सुताराचा शेगडा सपाट आणि रुंद जबड्यांचा. तो बाकाच्या फळीखाली बसवतात, जबड्याच्या वरच्या कडा फळीला समपातळीत येतात, आणि जबड्यांना आतून लाकडी पट्ट्या लावतात. म्हणजे लाकडाला लाकूडच धरतं.

हे सगळं मला क्याटलागमुळे तोंडपाठ होतं. क्याटलागात एक चित्रही होतं. कमरेएवढं उंच बाक, बाकाला शेगडा, आणि पुढे डगला घातलेला मिशीवाला साहेब रंधा मारत उभा.

अशातच एके सकाळी ज्ञानू सुतार दुकानात आले. त्यांचं गाव पन्हाळ्याच्या उताराला, आमच्या कोडोलीहून फार लांब नाही. लढाई संपून काही वर्षं झाली होती. ते पलटणीत हवालदार होते, अंगात अजून खाकी कोट होता. दारातनं आत येताना फरशीवर टक, टक असा आवाज आला, तेव्हा माझं खाली लक्ष गेलं. उजवा पाय घोट्याच्या वरपासून लाकडाचा होता.

"पावणं, शेगडा पायजे," ते म्हणाले. "सुताराचा."

"बसा हवालदारसाहेब. नवीन दुकान काढताय?"

"दुकान जुनं हाय, सुतार नवा हाय." मग लाकडी पायावर काठीनं टकटक केलं. "माझा उजवा शेगडा इटलीत ऱ्हायला."

मला कळलं नाही. तेव्हा त्यांनी समजावलं. आपल्याकडचा गावचा सुतार जमिनीवर बसून काम करतो. लाकूड पुढ्यात आडवं टाकायचं, त्यावर तळवा दाबायचा, अंगठ्यानं कड पकडायची आणि तासायचं. पाय हाच त्याचा शेगडा. पाय गेला तेव्हा ज्ञानूंचं चालणं गेलं नाही, सुतारकी गेली.

"मग इतके दिवस कसं भागवलंत?"

"हौसा धरती की. आमची मंडळी." ते गंभीरपणे म्हणाले, "धरती झ्याक. पर त्यो शेगडा बोलतो. इकडं तास, तिकडं तास, हितं गाठ ऱ्हायली, माझं बोट हाय तितं. मला मुका पायजे."

आप्पाण्णा गादीवरून खो खो हसले. ज्ञानू हसले नाहीत. पुढचं त्यांनी खाली बघत सांगितलं. गावची सुतारकी त्यांच्या घराण्याची होती. नांगर, कुळव आणि पेरणीची कुरी, म्हणजे पाभर, गावाला करून द्यायची आणि सुगीला खळ्यावरनं धान्य न्यायचं. ते लढाईवर असताना गावानं कसंबसं चालवून घेतलं. आता पाटील म्हणाले होते, यंदाच्या पेरणीआधी माझी कुरी नवी करून दे. जमलं तर सुतारकी तुझीच. नाहीतर पलीकडच्या गावचा सुतार आणून बसवतो. गावाची पेरणी खोळंबून चालायची नाही.

"पाटलाचं चूक न्हाई," ज्ञानू म्हणाले. "कुरीत गंमत न्हाई चालत. भोकं एका अंतरावर न्हाई पडली तर वळी वाकड्या येत्यात. आणि वाकडी वळ चार म्हैनं शिवारात हुभी ऱ्हाती. येणारा जाणारा इचारतो, कुरी कुणी केली?"

मी मोठ्या उत्साहानं क्याटलाग उघडून चित्र दाखवलं. ज्ञानूंचे डोळे चमकले. "ह्येच! पलटणीच्या वर्कशापात असंच बाक हुतं. हुभं ऱ्हाऊन काम. पाय लागतच न्हाई!" मग आवाज खाली आणून म्हणाले, "आता मी बसून काम न्हाई करायचा, पावणं. बसलो की लोक म्हणत्यात, बिचारा बसला."

दुकानात त्या वेळी सुताराचा चांगला शेगडा एकच होता. मी टिचकी मारली, कागद धरला, स्क्रू फिरवला. ज्ञानूंनी तो उचलून पाहिला नाही. त्यांनी फक्त जबड्यांच्या मध्ये आपला अंगठा घातला आणि हळूच दांडी फिरवली. जरा दाब येताच थांबले. "धरतोय, पर दुखवत न्हाई," म्हणाले. शेगडा पारखायची ही रीत कुठल्या क्याटलागात नव्हती.

पंधरवडा गेला. एक दिवस आम्ही दुकान उघडतो न उघडतो तोच टक, टक आवाज आला. ज्ञानू दारात उभे, खांद्यावर पोत्यात शेगडा. आमच्या दुकानाचा नियम होता, एकदा लाकडाला बसवलेला शेगडा परत घ्यायचा नाही. आणि आप्पाण्णांचा स्वतःचा नियम त्याहून कडक. भवानीच्या आधी माल परत घ्यायचा नाही. दिवसाची पहिली विक्री उलटी झाली तर दिवस उलटा जातो, अशी त्यांची श्रद्धा होती.

ज्ञानू पलटणीतले असल्यानं तयारीनं आले होते. "आधी मूठभर स्क्रू द्या," म्हणाले. मी दिले. "झाली भवानी? आता ह्यो घ्या."

आप्पाण्णांना हसावं की रागवावं कळेना. "का? जबडा गेला का?"

"न्हाई. ह्यो शेगडा मला ढकलतोय."

"ढकलतोय? हवालदार, आमचा शेगडा धरतो. ढकलत न्हाई."

"लाकडाला धरतो, मला ढकलतो. रंधा म्होरं सारला की मी मागं."

आप्पाण्णांनी शेगडा उलटापालटा करून पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि निर्णय दिला, "तम्मा, तुझं गाव तिकडंच हाय न्हवं? रविवारी जाऊन ये. लोखंड खोटं असंल तर घेऊन ये. माणूस खोटा असंल तर तसाच परत ये."

"आणि दोन्ही खरं असलं तर?" मी विचारलं.

"मग तू बी.ए. हायस. तूच ठरव."

रविवारी ज्ञानूंच्या सोप्यात पाहतो तर बाक उत्तम केलेलं. चित्रातल्यासारखं कमरेएवढं. आम्ही शेगडा पुन्हा त्याला बसवला, त्यात बाभळीची फळी धरली. ज्ञानू रंधा घेऊन उभे राहिले आणि जोर लावला. फळी जागची हलली नाही. ज्ञानू मात्र मागे सरकले. शेणानं सारवलेल्या जमिनीवर लाकडी पाय बर्फावरून जावा तसा घसरला. पुन्हा जोर, पुन्हा मागे. तेव्हा माझ्या लक्षात आलं. उभ्या सुताराचा जोर हातातून येत नाही, मागच्या पायातून येतो. चित्रातल्या साहेबाला दोन पाय होते. मला मिशी तेवढी दिसली होती.

"मी मागनं धरतो," मी म्हणालो.

मी त्यांच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी मारली. ते रंधा पुढे सारत, मी त्यांना पुढे सारी. ते मागे येत, मी मागे येई. फळीवरून छान लांबलचक शेव निघाली. आम्हा दोघांना फार आनंद झाला. तेवढ्यात दारात हौसावहिनी पाटीत शेण घेऊन उभ्या. त्यांनी क्षणभर पाहिलं आणि पाटी खाली ठेवली.

"आत्ता गं बया! ह्यो काय झिम्मा चाललाय?"

"काम चाललंय," ज्ञानू म्हणाले.

"व्हय की. आदी एक बाई धरत हुती, आता एक बीए धरतोय. शेगडा कुटं हाय?"

आम्ही दोघंही एकमेकांपासून सुटलो.

मग मी म्हणालो, "बसून केलं तर? बाकाची फळीच खाली घेऊ." ज्ञानूंचा चेहरा पडला. बसणं त्यांना नको होतं. पण रोहिणी नक्षत्र तोंडावर आलं होतं. त्यांनी बाकाचे पाय काढले. फळी दोन दगडांवर वीतभर उंचीवर ठेवली आणि तिला शेगडा लावला. ज्ञानू पुढ्यात बसले आणि दांडी फिरवायला गेले. अर्धा वेढा होतो न होतो तो दांडी खटकन जमिनीला लागली. ती काढून घालायची, पुन्हा अर्धा वेढा, पुन्हा खटकन. एक लाकूड आवळायला विडी ओढून संपावी इतका वेळ.

"दांडीला जागा करू," म्हणत ज्ञानूंनी पहार घेतली आणि शेगड्यापुढची जमीन खणायला सुरुवात केली. आधी वाटीएवढा खड्डा. दांडीचं टोक अजून लागे. मग घागरीएवढा. दांडी आता मोकळी फिरू लागली, पण खड्डा बसायच्या जागेपर्यंत असा पसरला की ज्ञानूंना मांडी घालायला जागा उरेना. लाकडी पाय तर कुठेच मावेना. तो लांब केला की फळीत अडके, बाजूला केला की अंग वाकडं होई. शेवटी वैतागून त्यांनी तो पाय खड्ड्यात सोडला.

हौसावहिनी सोपा सारवत होत्या. त्यांचा हात थांबला.

"असंच ऱ्हावा," त्या म्हणाल्या. "आनी दुसराबी पाय सोडा की त्यात."

"मला पुरतीस व्हय आता?"

"ऐका तर! माझं वडील कोष्ट्यांचं माग करायचं, मी बघिटलंय न्हवं. कोष्टी जमिनीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो, आन् दिसभर माग चालिवतो. त्याला कुणी बिचारा बसला म्हणलंय का? खुर्चीवर बसल्यागत बसत्यात की."

ज्ञानूंनी माझ्याकडे पाहिलं. मी पहार उचलली. कोडोलीचं रान खणलेले हात बी.ए. झाल्यानं मऊ पडले होते, पण खणायचं विसरले नव्हते. खड्डा गुडघाभर खोल केला. ज्ञानू काठावर बसले आणि दोन्ही पाय आत सोडले. मांडीच्या थोडं वर बाकाची फळी, गुडघ्यांपुढे शेगड्याची दांडी मोकळी. मी फळी आवळून दिली. त्यांनी रंधा घेतला, लाकडी पायाची टाच खड्ड्याच्या मागच्या भिंतीला टेकवली आणि जोर लावला.

शेव निघाली. ज्ञानू जागेवरच होते.

त्यांनी पुन्हा एकदा रंधा सारला. मग थांबून खड्ड्यात पाहिलं. "भिंतीला टेकलाय," ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "घसरंल कुटं?"

मी सोमवारी शेगडा न घेता दुकानात परतलो. आप्पाण्णांनी विचारलं, "लोखंड खोटं का माणूस?" मी म्हटलं, "जमीन. ती खाली घ्यावी लागली." त्यांना काही कळलं नाही, पण शेगडा परत आला नाही यावर ते खूश झाले आणि मला चहा पाजला. त्या दिवसापासून मी गिऱ्हाइकाला तो प्रश्न विचारू लागलो. पुढे आमच्याकडून शेगडा नेलेल्या किती तरी गावच्या सुतारांनी घरी खड्डे खणले. साहेबी चित्र दाखवून त्यांना उभं करण्याचा नाद मी सोडून दिला. शाळांच्या सुतारकाम वर्गांना उंच बाकं, खेड्यातल्या माणसाला खड्डा. शेगडा तोच. धरणाऱ्याला आधी टेकायला जागा पाहिजे, एवढंच.

त्याच वर्षी, पेरणी अगदी आठवड्यावर आली असताना मी गावी जाता जाता मुद्दाम ज्ञानूंकडे डोकावलो. माझ्या जिवाला घोर होता, शेगडा मीच दिला होता. सोप्यात लाकडाच्या शेवांचा ढीग. ज्ञानू कमरेपर्यंत जमिनीत, शेगड्यात कुरीचं दिंड, म्हणजे ज्यात फण ठोकतात तो आडवा ठोकळा. पटाशीनं शेवटचं भोक कोरणं चाललं होतं. हौसावहिनी जरा लांब बसून जात्यावर दळत होत्या आणि न राहवून म्हणत होत्या, "डाव्या कडंला जरा ऱ्हायलंय." ज्ञानू मला म्हणाले, "बघा. हात लावत न्हाई, पर बोलतीया अजून."

तेवढ्यात बाहेर चपलांचा करकर आवाज आला. पाटील आले. फेटा, हातात काठी, उंचपुरे. त्यांना सोप्यात आधी ज्ञानू दिसलेच नाहीत. मग खाली लक्ष गेलं.

"ज्ञान्या, ह्ये काय? पुरून घेतलंस व्हय?"

"राम राम पाटील."

"वर ये. बोलायचं हाय."

"भोक कोरतोय, पाटील. मधीच सोडलं तर बिघडंल." ज्ञानूंनी पटाशीवरची नजर काढली नाही. "तुमी बसा की."

पाटलांनी इकडेतिकडे पाहिलं. बसायला घोंगडं नव्हतं, पाट नव्हता. वहिनी उठायला लागल्या, पाटलांनी हातानं नको म्हटलं. क्षणभर उभेच राहिले. मग काठी भिंतीला टेकवून, एका हातानं धोतर सावरत, ते खड्ड्याच्या काठाशी उकिडवे बसले. मीही बसलो. आता आम्हा तिघांची डोकी एका उंचीवर आली होती.

भोक पुरं झाल्यावर ज्ञानूंनी पटाशी ठेवली, दांडी अर्धा वेढा सैल केली आणि दिंड पाटलांच्या हातात दिलं. पाटील म्हणजे जन्मभर पेरणी केलेला माणूस. त्यांनी एक डोळा मिटून दिंडाच्या कडेवरून नजर टाकली. मग एकेका भोकात अंगठा घातला. दोन भोकांमधलं अंतर वितीनं, मग बोटांनी मोजलं. मग दिंड उलटं करून सगळं पुन्हा एकदा. वहिनींचं जातं थांबलं होतं. ज्ञानू शेगड्याच्या जबड्यातला भुसा फुंकरीनं उडवत बसले होते. उडवण्यासारखा भुसा त्यात शिल्लक नव्हता.

"फण कवा बसवतोस?" पाटील म्हणाले.

"उद्या."

"हं." पाटलांनी दिंड खाली ठेवलं. "थोरल्याचा कुळवबी मोडलाय. परवा लावून देतो. आणि शिरप्याचं जू. आणि..." ते थांबले. "सांगतो गावात. आपापलं हितं आणून टाकतील."

ज्ञानूंनी मान हलवली. वहिनींचं जातं पुन्हा सुरू झालं, जरा जास्तच जोरात.

पाटील उठायला गेले. पण बराच वेळ उकिडवं बसल्यानं त्यांचे गुडघे आखडले होते. काठी भिंतीला, तिथपर्यंत हात पोचेना. मी पुढे होणार इतक्यात खड्ड्यातून ज्ञानूंचा हात वर आला. पाटलांनी तो धरला. ज्ञानूंनी खाली भिंतीला टाच रोवली, मला तो टक आवाज ऐकू आला, आणि सावकाश त्यांना वर उचलू लागले.

"दमानं, पाटील," ज्ञानू म्हणाले. "आधी पाय टेका."